अमावास्येच्या आधी अष्टमी: कोकण किनाऱ्यावर रात्रीचं आकाश टिपायला शिकताना

रात्रीचं आकाश टिपायचं तर अमावास्या गाठा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. देशावरच्या माळरानावर तो बरोबरच आहे. कोकणच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मात्र अमावास्येला समुद्रही जोरात असतो. त्या रात्री उधाणाची भरती येते आणि ती अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण चढते. नऊ वाजता कोरड्या वाळूत उभा केलेला ट्रायपॉड साडेदहाला घोटाभर पाण्यात असू शकतो. म्हणून इथे शिकणाऱ्याने आधी तिथी बघावी, मग भरती, आणि त्यानंतर कॅमेऱ्याची बॅग भरावी. पहिल्या काही रात्रींसाठी आमचा कौल अष्टमीला आहे.

तिथी आणि भरती

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. शुद्ध पक्षात तो संध्याकाळीच आकाशात असतो आणि मावळला की उरलेली रात्र काळोखी. वद्य पक्षात उलट: संध्याकाळ काळोखी, चंद्र मागाहून येतो. अष्टमीला ही वाटणी साधारण निम्मी-निम्मी होते. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर, साडेबारा-एकच्या आसपास मावळतो; वद्य अष्टमीचा साडेअकरा-बाराच्या सुमारास उगवतो. म्हणजे कुठल्याही अष्टमीला अर्धी रात्र पूर्ण काळोखाची मिळते.

आता भरती. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि दिवसा-रात्री दोन्ही वेळा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. ठिकाणानुसार यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्याआधी त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघून घ्या. पण जागेवर रेंज नसताना हा तोंडी हिशेबच उपयोगी पडतो.

अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याचा चढउतार पंधरवड्यातला सगळ्यात कमी. हे सगळं एकत्र मांडून बघा. ऑक्टोबरमधली वद्य अष्टमी: संध्याकाळी सहाला भरती पूर्ण, सूर्य सव्वासहाच्या आत मावळलेला, सव्वासातनंतर आकाश पूर्ण काळं, आणि चंद्राला अजून चार तास अवकाश. तुमच्या कामाच्या या सगळ्या वेळात समुद्र मागे मागे जात असतो. मार्चमधली शुद्ध अष्टमी: मध्यरात्री पूर्ण ओहोटी, एकला चंद्र मावळतो, दीडनंतर आग्नेयेला आकाशगंगेचा गाभा वर येऊ लागतो. भरती पहाटेपर्यंत चढते, पण भांगाची असल्यामुळे पुळणीच्या वरच्या अंगाला पोहोचत नाही. अमावास्येची काळोखी रात्रभर पुरते हे खरं, पण हात बसलेला नसताना पाठीमागून पाणी चढत असेल तर माणूस घाईत फोकस चुकवतो.

तरीही दोन गोष्टी पाळाच. वाळूत काडीकचरा आणि शिंपल्यांची जी सर्वांत वरची ओळ दिसते, तिच्याही वर बॅग ठेवायची. आणि खाडीच्या मुखाशी किंवा खडकांच्या रांगेपलीकडे जायचं तर परतीची वाट भरतीत बुडते का, हे दिवसा गावातल्या माणसाला विचारून घ्यायचं.

कोणत्या महिन्यात काय मिळतं

जून ते सप्टेंबर विसरा. ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षाव कोकणातून ढगांमुळे जवळजवळ कधीच हाती लागत नाही.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध नवख्यांसाठी सगळ्यांत चांगला. पावसाने हवा धुतलेली असते, आणि काळोख पडतो तेव्हा धनु राशीतला आकाशगंगेचा गाभा नैऋत्येला, क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवर असतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे हा पट्टा थेट समुद्रात उतरताना मिळतो. वेळ मात्र थोडा: दीड तासात गाभा धुरकट थरात शिरतो, आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर अंधार पडेपर्यंत तो क्षितिजाला टेकलेला असतो.

नोव्हेंबर ते जानेवारी हे मृग नक्षत्राचे महिने. व्याध, रोहिणी, कृत्तिका, दक्षिणेला खाली अगस्ती. तारे ठळक असल्यामुळे फोकस शिकायला आकाशाचा हा भाग उत्तम आहे. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. त्या दोन दिवसांत चंद्राची तिथी अनुकूल असेल तर ती रात्र सोडू नका.

फेब्रुवारीपासून गाभा पहाटे आग्नेयेला परत दिसू लागतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर फेब्रुवारीच्या मध्याला तो साडेतीनला उगवतो, मार्चमध्ये दीडला, एप्रिलमध्ये साडेअकराला, मे महिन्यात साडेनऊला. दर महिन्याला दोन तास, म्हणजे रोज चार मिनिटं अलीकडे. यात दीड तास मिळवा, तेव्हा तो धुरळ्याच्या वर येतो. दक्षिणेला ऐन माथ्यावर आला की त्याची उंची ४४ अंशांच्या आसपास असते, उत्तर भारतातल्यापेक्षा बरीच जास्त. ही कोकणची मोठी जमेची बाजू. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेला अगदी खाली त्रिशंकूही दिसतो.

या दिवसांत एक अडचण येते ती धुराची. पावसाआधी भातरोपांसाठी जमीन भाजतात. ती भाजावळ आणि सड्यावरचे (जांभ्याच्या उघड्या पठारांवरचे) वणवे यांचा धूर संध्याकाळी खाली बसतो. दिवसा वाहणारे खारे वारे रात्री थांबतात आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. ते लागले की खारट धुरकटपणा कमी होतो. म्हणून किनाऱ्यावर नऊच्या आधीच्या आकाशावरून निराश होऊन परत फिरू नका.

जागा निवडताना

प्रकाशप्रदूषणाचा नकाशा सगळेच बघतात, पण दिशेकडे फारच थोडे लक्ष देतात. आकाशगंगेचा गाभा दक्षिणेकडच्या आकाशात असतो. तेव्हा तुमच्या दक्षिणेला शहर नको. गणपतीपुळ्याहून दक्षिणेकडे कॅमेरा लावला की रत्नागिरीचा उजेड चौकटीत येतो. तेच रत्नागिरी ओलांडून गणेशगुळे-पूर्णगडाकडे गेलात तर तो उजेड पाठीमागे पडतो. अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात मुंबईची झळाळी उत्तरेला असते, म्हणजे गाभ्यासाठी तिथेही काम होतं. मात्र ध्रुवताऱ्याभोवतीच्या गोल रेषा तिथून काढू नका. दक्षिणेकडे देवगड, भोगवे, निवती, वेंगुर्ले या भागात आकाश बरंच काळं आहे.

समुद्राच्या क्षितिजावर होड्यांचे दिवे असतातच. ते टाळता येत नाहीत. फोटोत त्यांचे पांढरे ठिपके होतात, टाइमलॅप्समध्ये (ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या व्हिडिओत) सरकत्या रेघा. क्षितिज चौकटीच्या अगदी तळाशी ठेवलं की त्रास कमी होतो. दीपगृहाचं मात्र वेगळं: त्याचा फिरता झोत दर काही सेकंदांनी येतो, आणि शटर १५ सेकंद उघडं असेल तर काही फ्रेममध्ये एक झोत जास्त पडतो. टाइमलॅप्स लुकलुकतो तो यामुळे. दीपगृह चौकटीत हवंच असेल तर झोत किती सेकंदांनी येतो ते मोजा आणि शटरची वेळ त्याच्या नेमक्या पटीत ठेवा.

पुळणीला उत्तम पर्याय म्हणजे जांभ्याचा सडा. रत्नागिरी-राजापूर भागातले सडे सपाट, उघडे, चारी बाजूंनी आकाश दिसणारे आहेत. तिथे भरतीची चिंता नाही, त्यामुळे अमावास्येची रात्र सड्यासाठी राखून ठेवावी. दोन पथ्यं आहेत. सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो. तो लहान असतो, जांभ्याच्या रंगात मिसळून जातो आणि दगडाखाली, कपारीत बसतो. घोट्यापर्यंतचे बूट घाला, दगडावर बॅग टाकण्याआधी विजेरीने बघा, अंधारात दगड उचलू नका. दुसरं, काही सड्यांवर प्राचीन कातळशिल्पं आहेत. ती खोदचित्रं रात्री पायाखाली कळत नाहीत. दिवसा जाऊन त्यांची जागा बघून ठेवा, त्यांच्यावर ट्रायपॉडचे पाय रोवू नका.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांत सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, बाहेरूनच टिपा. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाची काळी आकृती आकाशाखाली फार छान येते. रात्री किनाऱ्यावर थांबणार असाल तर पोलीस पाटलांना किंवा सागरी पोलिसांना आधी सांगा. जेट्टी आणि बंदराच्या आवारात परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.

आणि कासवांचा विचार करा. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर पडतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. पांढऱ्या विजेरीने ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. या काळात अशा पुळणी सोडून दुसरी जागा शोधा. दुसरीकडेही लाल दिव्याचीच विजेरी वापरा. त्याने तुमच्या डोळ्यांची काळोखाची सवयही मोडत नाही.

सामान

शटर (उजेड किती वेळ आत येतो), अॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडतं), आयएसओ (सेन्सर किती संवेदनशील) हे हाताने ठरवता येईल असा कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस चालतो. सोबत आलेली १८-५५ ची लेन्स सुरुवातीला पुरेशी आहे. पुढे एकच गोष्ट घ्यायची झाली तर रुंद आणि एफ/२.८ किंवा त्याहून जास्त उघडणारी (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) लेन्स घ्या, नवी बॉडी नको. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १५-३० सेकंद उघडं राहत असेल तर फोनही चालतो. ट्रायपॉडला लावायचा क्लँप तेवढा घ्या.

ट्रायपॉडवर कंजुषी नको. वाळूत पाय अर्धी वीत खाली दाबून बसवा. ओल्या वाळूवर लाटेचं ओसरतं पाणी पायांभोवतीची वाळू काढून नेतं आणि ट्रायपॉड हळूहळू एका बाजूला कलतो. टाइमलॅप्सच्या शेवटी क्षितिज तिरकं झालेलं दिसतं ते यामुळे. प्रत्येक पायाखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवला की हे थांबतं. मधला दांडा वर काढू नका.

बाकी लागेल ते: ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हॅलोमीटर (बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत आतच असतो), दोन जादा बॅटऱ्या, पॉवर बँक, लेन्सला गुंडाळायची यूएसबीवर चालणारी दव-पट्टी, चिकटपट्टी, मायक्रोफायबरची दोन फडकी, एक बाटली गोडं पाणी.

फोकस

नवख्यांच्या दहा वाया गेलेल्या फोटोंपैकी बहुतेक इथे गेलेले असतात. लेन्सवरची अनंताची खूण बरोबर असतेच असं नाही; कित्येक लेन्स त्या खुणेच्या पुढेही थोडं फिरतात. अंधारात ऑटोफोकस पुढे-मागे करत बसतो आणि शेवटी कुठेतरी थांबतो.

किनाऱ्यावर एक सोय आहे. दूरचं दीपगृह किंवा क्षितिजावरच्या होडीचा दिवा, एकदोन किलोमीटरपलीकडचा, यावर आधी ऑटोफोकस करा आणि लगेच लेन्सचा स्विच मॅन्युअलवर टाका. त्यानंतर लाइव्ह व्ह्यू चालू करा, एखादा तेजस्वी तारा चौकटीच्या मध्यावर आणा. हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात ज्येष्ठा, ऑक्टोबरात अभिजित. पडद्यावरचा भाग १० पट मोठा करा. आता फोकसची कडी केसभर फिरवा. तारा आधी पसरट दिसेल, मग लहान होत होत टोकदार ठिपका होईल, मग पुन्हा पसरेल. तो पुन्हा पसरायला लागला की उलट फिरवून सगळ्यात लहान ठिपक्यावर थांबा. काही लेन्समध्ये ताऱ्याभोवती जांभळी-हिरवी कड दिसते. ती कड एका रंगातून दुसऱ्या रंगात जाते त्या मधल्या जागी फोकस नेमका असतो. झालं की कडीवर चिकटपट्टी लावा. झूम लेन्स असेल तर झूमच्या कडीवरही लावा, कारण झूम हलला की फोकस गेला.

एक चाचणी फोटो काढा, मोठा करून कोपरे बघा. दर अर्ध्या तासाने परत तपासा. रात्र थंड होत जाते तसा फोकस सूक्ष्म सरकतो.

पुढचा खडक किंवा होडीही स्पष्ट हवी असेल तर अंतर सांभाळा. छोट्या (एपीएस-सी) सेन्सरवर १८ मिमी, एफ/३.५ ला ताऱ्यांवर फोकस असताना साधारण ५ मीटरच्या पलीकडचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. त्याच्या आतलं नाही.

पहिला स्थिर फोटो

मोड मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). लेन्स किंवा बॉडीतली कंप थोपवणारी सोय बंद. ट्रायपॉडवर ती नसलेला कंप शोधत बसते आणि स्वतःच चित्र हलवते. व्हाइट बॅलन्स ऑटो नको, ४००० केल्व्हिनच्या आसपास ठेवा. अॅपर्चर पूर्ण उघडं. आयएसओ ३२०० पासून सुरू करा.

शटर किती वेळ? पृथ्वी फिरते, त्यामुळे जास्त वेळ ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. जुना नियम ५०० चा: ५०० भागिले फोकल लेन्थ, आणि छोटा सेन्सर असेल तर आधी फोकल लेन्थला दीडने गुणा. १८ मिमीला उत्तर १८ सेकंद येतं. आजच्या जास्त पिक्सेलच्या सेन्सरवर हे ढिलं पडतं. अधिक काटेकोर हिशेब असा: अॅपर्चरचा आकडा गुणिले ३५, त्यात पिक्सेलचा मायक्रॉनमधला आकार गुणिले ३० मिळवा, आलेल्या बेरजेला फोकल लेन्थने भागा. २४ मेगापिक्सेलच्या छोट्या सेन्सरवर पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा असतो, म्हणजे १८ मिमी, एफ/३.५ ला उत्तर सव्वातेरा सेकंद. मोबाइलवर दाखवायच्या फोटोला १५ चालतील, मोठ्या छपाईला १३ ठेवा. ५० मिमीच्या एफ/१.८ लेन्सला याच हिशेबाने जेमतेम साडेतीन सेकंद मिळतात, हे ती लेन्स मोठ्या उत्साहाने घेऊन येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

फोटो कसा आला हे पडद्यावरून ठरवू नका. काळोखात पडदा खूप उजळ दिसतो आणि घरी आल्यावर तोच फोटो काळाकुट्ट निघतो. पडद्याचा उजेड सगळ्यात कमी करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळोख-उजेडाचा आलेख, बघा: त्याचा उंचवटा डाव्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. कडेला चिकटला असेल तर आयएसओ वाढवा.

एकाच चौकटीचे १६ फोटो लागोपाठ काढून ठेवा. घरी ते ताऱ्यांवर जुळवून एकत्र केले की कणीदारपणा चौथ्या हिश्श्यावर येतो. विंडोजवर मोफत मिळणारं सिक्वेटर हे काम करतं; त्यात जमीन स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर तारे टोकदार आणि माड पुसट येतात.

टाइमलॅप्स

पहिला टाइमलॅप्स ताऱ्यांचा करू नका. मे महिन्यातले चढणारे ढग किंवा सूर्यास्तानंतर रंग बदलणारं आकाश घ्या, दर ४-५ सेकंदांनी एक फ्रेम. चौकट, गती आणि कार्डाचा अंदाज त्यात येतो, आणि चूक झाली तर फक्त वीस मिनिटं जातात.

ताऱ्यांसाठी हिशेब आधी कागदावर करा. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा धरला तर १० सेकंदांना २५० फ्रेम लागतात. शटर १५ सेकंद, फाइल कार्डावर उतरायला ३ सेकंद, म्हणजे दर १८ सेकंदांनी एक फ्रेम. २५० गुणिले १८ म्हणजे ४५०० सेकंद, सव्वा तास. एका रॉ फाइलचे २८ एमबी धरले तर ७ जीबी. या सव्वा तासात आकाश १९ अंशांच्या आसपास फिरतं; आकाशगंगा चौकटीच्या कडेला असेल तर ती बाहेर जाईल की आत येईल, हे स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ पुढे ढकलून आधीच बघा.

इंटरव्हॅलोमीटरच्या बाबतीत एक गोंधळ नेहमी होतो. काही यंत्रं अंतर एका फ्रेमच्या सुरुवातीपासून पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीपर्यंत मोजतात, काही शटर बंद झाल्यापासून. १८ सेकंद लावलेत आणि यंत्र दुसऱ्या जातीचं असेल तर फ्रेम ३३ सेकंदांनी निघतील आणि व्हिडिओत तारे धक्के खात जातील. घरीच तपासा: शटर १५, अंतर १८, दहा फ्रेम. तीन मिनिटांत संपल्या तर यंत्र पहिल्या जातीचं. साडेपाच मिनिटांच्या आसपास लागली तर दुसऱ्या जातीचं. मग अंतर फक्त ३ लावा. याउलट पहिल्या जातीच्या यंत्रात शटर १५ आणि अंतरही १५ लावलं तर कॅमेरा तयार नसतो आणि मधली एकेक फ्रेम गळते.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ शटर मिटून दुसरा फोटो घेतो, आणि तुमची लय मोडते. फोकस, व्हाइट बॅलन्स, आयएसओ यांतलं काहीही ऑटोवर नको. पूर्ण उघड्या अॅपर्चरचा इथे आणखी एक फायदा: अर्धवट मिटलेलं अॅपर्चर प्रत्येक वेळी नेमकं तितकंच मिटत नाही आणि दिवसाच्या टाइमलॅप्समध्ये चित्र फडफडतं. पूर्ण उघडं असलं की हा प्रश्नच येत नाही.

चौकट लावताना वर-खाली जागा सोडा. कॅमेऱ्याचं चित्र ६००० बाय ४००० असेल तर रुंद व्हिडिओच्या मापात त्यातलं ३३७५ उंचीचंच उरतं. माडाचा शेंडा अगदी वरच्या कडेला टेकवलात तर तो कापला जाईल.

संध्याकाळपासून काळोखापर्यंत एकाच टाइमलॅप्समध्ये न्यायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात उजेड हजारो पटींनी बदलतो, दर काही फ्रेमनी शटर आणि आयएसओ बदलावे लागतात, आणि नंतर ते झटके सॉफ्टवेअरमध्ये सपाट करावे लागतात. स्थिर सेटिंगचे चार-पाच टाइमलॅप्स जमल्यावरच याच्या वाटेला जा.

ताऱ्यांच्या रेघा हव्या असतील तर हेच तंत्र: ३० सेकंदांच्या १२० फ्रेम, मध्ये फक्त सेकंदाचा खंड. तासाभरात प्रत्येक तारा १५ अंशांची कमान काढतो. स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम एकावर एक रचल्या की झालं. कोकणातून ध्रुवतारा क्षितिजापासून १६ ते १९ अंशांवरच आहे, म्हणून उत्तरेच्या वर्तुळांचा मोठा भाग डोंगरामागे जातो; पश्चिमेला समुद्रात तिरक्या उतरणाऱ्या रेघा इथे जास्त शोभतात.

व्हिडिओ बांधायला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. आधी एका फ्रेमवर रंग-उजेड ठरवा, तीच मापं बाकीच्या सगळ्या फ्रेमना लावा, जेपीजी काढा आणि ती मालिका २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाका. निळा रंग ओढून ओढून वाढवू नका. काळोखं आकाश तपकिरी-करड्याकडे झुकतं, ते तसंच चांगलं दिसतं.

दव आणि खार

उघड्या आकाशाखाली लेन्सची काच उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. किनाऱ्यावरची हवा आधीच दमट, त्यामुळे काच थोडी थंड झाली तरी दव धरतं. लक्षण ओळखायला शिका: आधी तेजस्वी ताऱ्यांभोवती मऊ वलय येतं, मग लहान तारे गळतात, शेवटी सगळं दुधाळ होतं. टाइमलॅप्समध्ये हे इतकं हळू होतं की जागेवर लक्षात येत नाही. दव-पट्टी लेन्सच्या पुढच्या कडेशी गुंडाळा आणि पहिल्या फ्रेमपासून चालू ठेवा. धुकट झाल्यावर लावली तर काच साफ व्हायला बराच वेळ जातो. पट्टी नसेल तर गरम राहणारी हँड वॉर्मरची पुडी रबरबँडने बांधा. हूड लावलेलाच असू द्या. फडक्याने पुसणं हा शेवटचा उपाय, कारण काचेवर मीठ असेल तर त्याचे ओरखडे पडतात.

एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर तो आतबाहेरून घामेजतो. खोलीतच बॅग बंद करा आणि बाहेर आल्यावर पाऊण तास उघडू नका.

परतल्यावर लगेच फोटो बघायला बसू नका. आधी ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करून गोड्या पाण्याने धुवा, सांधे उघडे ठेवून वाळवा. मिठाने आणि वाळूने स्क्रू महिनाभरात जाम होतात. बॉडी आणि लेन्सचं बाहेरचं अंग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. काचेवरची वाळू फुंकणीने उडवा, त्यानंतरच ओलसर कापड लावा. लेन्स आणि बॉडी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र टाका आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा. पावसाळ्यात डबा आठवड्यातून एकदा उघडून सिलिका जेल तपासा. निळं जेल गुलाबी झालं असेल तर ते ओलं आहे. मंद आचेवर तव्यात परत निळं होईपर्यंत तापवा, निवू द्या आणि मगच आत ठेवा.